न्यू जर्सीत घर घेतोय, लेंडर म्हणतो फ्लड झोनमध्ये आहे. पुढे काय करावं?

मुक्ता_एस

नमस्कार मंडळी.

आम्ही सॉमरसेट काउंटीत बरीच वर्षं भाड्याने राहतोय. आता घर घ्यायचं ठरवलं आणि एक घर मनासारखं मिळालंही. रारिटन नदीपासून थोडं आत, शाळा चांगली, मागे मोठं अंगण, फिनिश्ड बेसमेंट. ऑफर मान्य झाली, अटर्नी रिव्ह्यू आटोपला, इन्स्पेक्शनमध्येही फार काही निघालं नाही. आणि काल लेंडरचं पत्र आलं: घर 'स्पेशल फ्लड हॅझर्ड एरिया'त, झोन एईमध्ये आहे. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण होण्याच्या, आधी फ्लड इन्शुरन्सचा पुरावा दिल्याशिवाय कर्ज मिळणार नाही.

विकणारे म्हणतात, नकाशा चुकीचा आहे, आमची जागा उंचावर आहे. रिअल्टर म्हणते, या भागात हे नेहमीचंच, पॉलिसी घ्या आणि पुढे चला. नवऱ्याचं म्हणणं, पॉलिसी मिळतेय ना, मग कसली काळजी? माझं मन मात्र तयार होत नाहीये. मी मूळची सांगलीची. २०१९ ला आईबाबांच्या घराचा तळमजला पाण्यात होता. नंतर घरभर साचलेला तो चिखल आणि त्याचा वास आठवला की अजून पोटात गोळा येतो.

झोन एई म्हणजे नेमका किती धोका? नकाशा चुकीचा असू शकतो का, आणि असला तर दुरुस्त कसा करून घ्यायचा? पॉलिसी घेतली तर तिच्यात नक्की काय मिळतं? इन्स्पेक्शन कंटिन्जन्सीची मुदत अजून शिल्लक आहे, त्यामुळे मागे फिरायचं तर आत्ताच फिरता येईल. ज्यांनी यातून वाट काढलीय त्यांनी कृपया लिहा.

एडिसनकर

झोन एई असेल तर सोडून द्या. घरं पुष्कळ आहेत. आयडा वादळ आलं तेव्हा, १ सप्टेंबर २०२१ ला, मॅनव्हिलमध्ये काय झालं ते या भागात कुणी विसरलेलं नाही. रारिटन आणि मिलस्टोन या दोन नद्यांच्या संगमावरचं ते गाव. तिथल्या लॉस्ट व्हॅली भागात घरंच्या घरं पाण्यात होती आणि पाणी ओसरत असताना गॅसगळतीने काही घरांत स्फोट झाले. त्याआधी १९९९ ला फ्लॉइड, २०११ ला आयरीन. नदी आपली जागा सोडत नाही.

भूमापक

मुक्ता, मी सेंट्रल जर्सीत सर्व्हेइंगमध्ये आहे. घरांची एलेव्हेशन सर्टिफिकेटं, म्हणजे घर आणि जमीन किती उंचीवर आहे त्याचे दाखले, करणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अक्षरांचा अर्थ. फेमाच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या, नकाशात 'ए' किंवा 'व्ही'ने सुरू होणारे सगळे झोन म्हणजे स्पेशल फ्लड हॅझर्ड एरिया. तिथे कुठल्याही एका वर्षात पूर येण्याची शक्यता १ टक्का किंवा त्याहून जास्त धरलेली असते. यालाच लोक 'शंभर वर्षांचा पूर' म्हणतात आणि तिथेच गफलत होते. एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुटका, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी १ टक्का धरला तर ३० वर्षांच्या कर्जाच्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता जवळजवळ २६ टक्के होते. म्हणजे चारात एक. घर घेताना आपण आगीचा विचार करतो, पण या काळात आगीपेक्षा पाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

एई म्हणजे जिथे अभ्यास करून पुराच्या पाण्याची पातळी फुटांत काढलेली आहे. ती पातळी म्हणजे 'बेस फ्लड एलेव्हेशन', आम्ही बीएफई म्हणतो. नुसता 'ए' असेल तर धोका आहे, पण पातळी काढलेली नाही. व्हीई समुद्रकाठी, जिथे पुराबरोबर तीन फूट किंवा जास्त उंचीच्या लाटाही धरलेल्या असतात. एओ आणि एएच म्हणजे उथळ पाणी, एक ते तीन फूट, पसरणारं किंवा साचणारं. झोन एक्स दोन प्रकारचा: छटा दिलेला म्हणजे वर्षाला ०.२ टक्का शक्यतेच्या पट्ट्यातला, आणि बिनछटेचा म्हणजे त्याच्याही बाहेरचा.

आता सक्ती. १९६८ च्या कायद्याने नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅम, म्हणजे एनएफआयपी, सुरू झाला. १९७३ च्या कायद्याने कर्जाशी सक्ती जोडली. तुमचा लेंडर फेडरल देखरेखीखालचा असेल, किंवा कर्ज फॅनी मे, फ्रेडी मॅक, एफएचए, व्हीए या सरकारी किंवा सरकारशी जोडलेल्या गृहकर्ज संस्थांशी जोडलेलं असेल, तर ए किंवा व्ही झोनमधल्या इमारतीवर फ्लड इन्शुरन्स लागतोच. लेंडर मनानेही त्यात सूट देऊ शकत नाही. रोख पैसे देऊन घेतलंत तर सक्ती नाही. नदीला मात्र तुमचं कर्ज आहे की नाही याने काही फरक पडत नाही.

किती रकमेचा विमा? तीन आकडे काढायचे: कर्जाची शिल्लक, इमारत पुन्हा बांधायचा खर्च, आणि एनएफआयपीची कमाल मर्यादा, जी एका कुटुंबाच्या घरासाठी अडीच लाख डॉलर आहे. यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे लेंडरची किमान मागणी. समजा घर साडेसहा लाखांचं, कर्ज पाच लाखांचं, बांधायचा खर्च चार लाखांचा. लेंडर अडीच लाखांवर समाधान मानेल, कारण त्याला त्याच्या तारणाची काळजी. उरलेल्या दीड लाखाची काळजी तुम्ही करायची. घरातल्या सामानाचा विमाही लेंडर सहसा मागत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो, कमाल एक लाख डॉलर, आणि त्याचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतली आपण स्वतः सोसायची रक्कम, हेही वेगळं.

नकाशा चुकीचा असू शकतो, हो. पण 'चुकीचा आहे' हे विकणाऱ्याने म्हणून भागत नाही. त्यांच्याकडे एलेव्हेशन सर्टिफिकेट आहे का ते विचारा. नसेल तर टाउनशिपच्या इंजिनिअरिंग किंवा बांधकाम खात्यात चौकशी करा, जुनी सर्टिफिकेटं तिथे फाइलला लागलेली असतात. तिथेही नसेल तर सर्व्हेयर लावा. खर्च होईल, पण एवढा मोठा व्यवहार त्या एका कागदाशिवाय करू नका.

पाऊसवाट

भूमापक, फार उपयोगी लिहिलंत. वाचनखूण साठवली.

मुक्ता, एक भर घालते. न्यू जर्सीत २० मार्च २०२४ पासून विकणाऱ्याला पुराबद्दलची माहिती लेखी द्यावी लागते. घर ए किंवा व्ही झोनमध्ये आहे का, कधी पाणी शिरलं का, फ्लड इन्शुरन्सचा क्लेम केला का, फेमाची मदत घेतली का, हे प्रश्न डिस्क्लोजर फॉर्ममध्ये आहेत. घरमालकांनाही भाडेकरूंना हे सांगावं लागतं. तुमच्या अटर्नीकडून तो फॉर्म मागवा आणि रिकामी सोडलेली उत्तरं नीट बघा. 'थेंब आला नाही' असं तोंडी सांगणारा माणूस कागदावर काय लिहितो ते महत्त्वाचं.

बायूकाठ

ह्यूस्टनहून लिहितोय. मला उलट बाजूने सांगायचंय. तुम्हाला लेंडरने निदान सावध तरी केलं. आमचं घर झोन एक्समध्ये होतं, कुणी काही विचारलं नाही, शेजारीपाजारी कुणाकडेच पॉलिसी नव्हती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळ आलं. हॅरिस काउंटीत दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं आणि त्यातली साधारण दोन-तृतीयांश घरं शंभर वर्षांच्या पट्ट्याच्या बाहेर होती. निम्म्याहून कितीतरी जास्त घरांवर फ्लड पॉलिसीच नव्हती. हे काउंटीच्या पूरनियंत्रण खात्याचे आकडे आहेत.

आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर जोडप्याने बायको हट्टाला पेटली म्हणून पॉलिसी घेतलेली होती. त्यांचं घर पुन्हा उभं राहिलं. बाकीच्यांनी रिटायरमेंटचे पैसे काढले. फेमाची मदत मिळते, पण ती घर राहण्याजोगं करण्यापुरती, घर पूर्ववत करण्यासाठी नाही. एसबीए या सरकारी संस्थेकडून मिळतं ते कर्ज, म्हणजे आधीच्या हप्त्यात आणखी एका हप्त्याची भर.

नकाशाची रेघ लेंडरसाठी आहे. पाणी ती रेघ बघून थांबत नाही, हे मी आता प्रत्येक नव्या घर घेणाऱ्याला सांगतो.

तिकोना

या सगळ्याचा प्रीमियम किती? सहकारी म्हणाला, झोन एई म्हणजे वर्षाला हजारोंचा खड्डा.

भूमापक

तिकोना, ते पूर्वी. आधी झोन आणि घराची उंची यावर दर ठरायचा. 'रिस्क रेटिंग २.०' ही दर ठरवायची नवी पद्धत. ती नवीन पॉलिसींना १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाली, आणि जुन्यांच्या नूतनीकरणाला १ एप्रिल २०२२ पासून. आता दर ठरवताना झोन बघत नाहीत. पाण्यापासूनचं अंतर, पहिल्या मजल्याची उंची, पाया कसा आहे, घर पुन्हा बांधायला किती लागेल, हे बघतात. झोन उरलाय तो सक्ती आहे की नाही हे ठरवण्यापुरता. त्यामुळे दोन शेजारी घरांचे दर अगदी वेगळे येऊ शकतात, आणि एक्समधल्या एखाद्या घराचा दर एईमधल्या घरापेक्षा जास्तही येऊ शकतो. सांगोवांगीवर जाऊ नका, त्या पत्त्याचा कोट काढा.

मुक्ता, इथे तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. विकणाऱ्यांकडे एनएफआयपीची पॉलिसी असेल तर ती तुमच्या नावावर होऊ शकते. जुन्या पॉलिसीधारकांचा दर एकदम वाढत नाही, बहुतेक राहत्या घरांना वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे. ती सवलत पॉलिसीबरोबर तुमच्याकडे येते. नवी घेतलीत तर पहिल्या दिवसापासून पूर्ण दर. म्हणून कोट दोन्ही प्रकारे काढा.

पाऊसवाट

शिवाय ज्या टाउनशिपने नाले, मोकळ्या जागा, पूर्वसूचना यांवर काम केलंय तिथे सगळ्यांनाच सूट मिळते. कम्युनिटी रेटिंग सिस्टीम म्हणतात त्याला, ५ पासून ४५ टक्क्यांपर्यंत. तुमची टाउनशिप कुठल्या वर्गात आहे ते एजंटला विचारा.

अंजोर

मुक्ताताई, तुम्ही 'फिनिश्ड बेसमेंट' लिहिलंत म्हणून मुद्दाम लॉगइन केलं.

आयडाच्या रात्री आमच्या बेसमेंटमध्ये छातीभर पाणी होतं. खाली मुलांची अभ्यासाची खोली, पाहुण्यांची खोली, पूर्ण बाथरूम, लाकडी जमीन. नेहमीच्या होमओनर्स पॉलिसीने एका ओळीत नाही म्हटलं: पूर त्यात येत नाही. आमच्याकडे फ्लड पॉलिसी होती. तिच्यातून फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनेल, वॉशर-ड्रायर आणि साफसफाई मिळाली. जमीन, भिंतींचं फिनिशिंग, फर्निचर, पुस्तकं, बाथरूमच्या टाइल्स यांतलं काही मिळालं नाही. एनएफआयपीच्या पॉलिसीत बेसमेंटसाठी वस्तूंची एक यादीच असते आणि त्या यादीबाहेरचं काही मिळत नाही. ज्या खोल्यांकडे बघून तुम्ही घराची किंमत देताय, त्यांचा विमा ही पॉलिसी उतरवत नाही, हे आधी लक्षात घ्या.

आणखी एक. दुरुस्ती चालू असताना आम्ही दुसरीकडे भाड्याने राहिलो. ते भाडं एनएफआयपी देत नाही. सामानाची भरपाई आजच्या घसरलेल्या किमतीने मिळते, नवीन घ्यायच्या किमतीने नाही. इमारतीची भरपाई नव्या किमतीने मिळू शकते, पण ते तुमचं मुख्य राहतं घर असेल आणि विमा बांधणीच्या खर्चाच्या निदान ८० टक्के किंवा कमाल मर्यादेइतका असेल तर.

एडिसनकर

अंजोर, मग खाजगी फ्लड पॉलिसी का नाही घेतली?

अंजोर

तेव्हा माहिती नव्हतं इतकं. आता खाजगी घेतलीय. तिच्यात बाहेर राहण्याचा खर्च येतो आणि मर्यादाही मोठी आहे. कायद्याच्या निकषांत बसणाऱ्या खाजगी पॉलिसी लेंडरांना २०१९ च्या जुलैपासून स्वीकाराव्याच लागतात. पण खाजगी कंपनी एखाद्या मोठ्या पुरानंतर नूतनीकरण नाकारू शकते, एनएफआयपी तसं करत नाही. हे दोन्ही तोलून बघावं लागतं.

तिकोना

बेसमेंटमधलं पाणी उपसणारा संप पंप बंद पडून पाणी आलं तर?

अंजोर

तो वेगळाच विषय. त्याला होमओनर्स पॉलिसीत 'वॉटर बॅकअप'ची जोड घ्यावी लागते. एनएफआयपीच्या हिशेबी पूर म्हणजे साधारणपणे एरवी कोरड्या असलेल्या दोन एकर जागेवर किंवा दोन मालमत्तांवर पसरलेलं पाणी. तुमच्या एकट्याच्या घरात गटार उलटं आलं तर तो पूर नाही. दोन्ही पॉलिसी असाव्यात, नाहीतर दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि आपण मध्ये अडकतो.

कृष्णाकाठ

मुक्ताबाळ, सांगलीहून लिहितोय. तुझ्या आईबाबांचं घर कुठल्या भागात ते विचारत नाही, पण त्या वर्षी आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आम्ही पत्र्यावर बसून होतो.

आपल्याकडेही रेघा आहेत. जलसंपदा खातं निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्या मधला पट्टा निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित. कागदावर हे सगळं आहे. पण घर घेणाऱ्याला तुझ्या त्या लेंडरसारखं कुणी पत्र पाठवत नाही की बाबा, तुझं घर लाल रेषेच्या आत आहे. फ्लॅटच्या जाहिरातीत 'नदीकाठी निसर्गरम्य' असं छापतात आणि लोक घेतात. मला तुमच्याकडची ती सक्ती जाचक नाही, आधाराची वाटते.

आईबाबांच्या घराचा विमा आहे का? नसेल तर या सुट्टीत आलीस की पहिलं ते काम कर. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर मुळातच धरलेला आहे, वेगळा मागावा लागत नाही. इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतका सामानाचा विमा आपोआप येतो. हप्ता माणसाला परवडेल असा आहे. २०१९ ला आमच्या गल्लीत तो कुणाकडेच नव्हता. सगळे पंचनाम्याच्या रांगेत.

तिकडच्या घराबद्दल माझं एकच सांगणं. कागद बघच, पण शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना जाऊन विचार. पाणी कुठवर आलं होतं, ते त्यांना हात दाखवून सांगता येतं. आमच्याकडे भिंतीवर रंगाने साल लिहून ठेवलेलं असतं.

मुक्ता_एस

काका, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईबाबांना आजच फोन केला. विमा नाहीये. हे काम सुट्टीपर्यंत थांबवत नाही, भाऊ पुढच्या आठवड्यात करून घेतो म्हणालाय.

इकडचं सांगते. डिस्क्लोजर फॉर्म आला. घरात पाणी शिरलं का, याला 'नाही'. क्लेम, 'नाही'. पण 'बेसमेंटमध्ये ओल किंवा झिरपणं' याला 'हो, आयडाच्या वेळी थोडं, संप पंप बदलला' असं लिहिलंय. समोरच्या घरातल्या आजी आयुष्यभर तिथेच राहिल्यात. त्या म्हणाल्या, रस्त्याच्या खालच्या टोकाच्या घरांत फ्लॉइडलाही पाणी आलं आणि आयडालाही. या घराच्या पायरीशी येऊन थांबलं.

विकणाऱ्यांकडे एलेव्हेशन सर्टिफिकेट निघालं! बीएफई ४२.० फूट. 'लोएस्ट अ‍ॅडजेसंट ग्रेड', म्हणजे घराला टेकलेली सर्वांत सखल जमीन, ४२.७. बेसमेंटची जमीन ३५.१. भूमापक, म्हणजे घर पुराच्या पातळीच्या वर आहे असं झालं ना? मग नकाशातून बाहेर काढता येईल?

तिकोना

झालं की काम! लोमा, म्हणजे नकाशा-दुरुस्तीचं पत्र, करून घ्या, सक्ती गेली, इन्शुरन्सचे पैसे वाचले.

भूमापक

तिकोना, थांबा. इथेच लोक घसरतात.

मुक्ता, आधी त्या कागदावर एक गोष्ट तपासा. दोन्ही आकडे एकाच मूळ पातळीपासून मोजलेत का? जुन्या सर्टिफिकेटांत एनजीव्हीडी २९ असतं, नव्यांत एनएव्हीडी ८८. आपल्या भागात या दोन्हींत साधारण फूटभराचा फरक पडतो. बीएफई एका मापाने आणि जमीन दुसऱ्याने असेल तर तुमचे ०.७ फूट कागदावरच विरून जातील. फॉर्मच्या सेक्शन बीमध्ये आणि सेक्शन सीमध्ये, दोन्हीकडे ते लिहिलेलं असतं. सर्टिफिकेटची तारीख बघा आणि त्यावरचा नकाशा-पॅनेलचा क्रमांक आजच्या नकाशाशी जुळतो का तेही बघा. फेमाच्या फ्लड मॅप सर्व्हिस सेंटरवर पत्ता टाकला की आजचं पॅनेल दिसतं. नवा प्राथमिक नकाशा येऊ घातलाय का, हेही तिथेच कळतं.

सगळं जुळलं तर हो, लोमा मिळू शकतो. लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट. घराला टेकलेली सर्वांत सखल नैसर्गिक जमीन बीएफईइतकी किंवा वर असेल तर फेमा ती इमारत झोनबाहेर असल्याचं पत्र देतं. फेमा त्याचे पैसे घेत नाही. मात्र भराव टाकून जमीन उंचावलेली असेल तर तो वेगळा अर्ज, त्याला शुल्क आहे आणि त्यात बेसमेंटही बघितलं जातं.

आता मुख्य गोष्ट. लोमामध्ये बाहेरची जमीन बघतात, तुमचं बेसमेंट नाही. तुमच्या बेसमेंटची जमीन पुराच्या पातळीपेक्षा जवळजवळ सात फूट खाली आहे. शंभर वर्षांच्या पुरात पाणी अंगणात न येताही भिंतीबाहेरची माती पूर्ण भिजलेली असणार आणि ते पाणी खाली ढकलत राहणार. आयडाला 'थोडं' आलं ते असंच आलेलं असणार. पायरीपर्यंत आलेलं पाणी पुढच्या वेळी पायरी चढणार नाही, याची हमी ०.७ फुटांत, म्हणजे सुमारे साडेआठ इंचांत मी तरी देणार नाही. न्यू जर्सीने स्वतः जुलै २०२३ मध्ये नद्यांकाठच्या बांधकामासाठी पुराची पातळी दोन फुटांनी वर धरायला सुरुवात केली. त्या हिशेबाने तुमचं अंगण पाण्याखाली आहे.

माझं मत स्पष्ट आहे. लोमाचा अर्ज करा, पुढे घर विकताना उपयोगी पडेल. पण तो मिळाला तरी पॉलिसी सोडू नका. आणि लोमा मिळाल्यावरही लेंडर स्वतःच्या अधिकारात इन्शुरन्स मागू शकतो, हे गृहीत धरा.

एडिसनकर

हे वाचून माझं 'सोडून द्या' थोडं मवाळ करतो. उंची एवढी असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण किंमत बेसमेंट वजा करून ठरवा.

बायूकाठ

एडिसनकरांशी पूर्ण सहमत. आणि तपासताना हेही विचारा की फर्नेस, वॉटर हीटर, पॅनेल हे वर पहिल्या मजल्यावर नेता येतात का. नेले तर पूर आलाच तरी निदान थंडीत गारठून बसावं लागत नाही.

शिल्पकला

जरा वेगळं विचारते. आमचं टाउनहाउस आहे, एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) सगळ्या इमारतीची एकत्र अशी मास्टर फ्लड पॉलिसी आहे म्हणे. आम्हाला वेगळी लागेल का?

पाऊसवाट

मास्टर पॉलिसीची प्रत मागा आणि इमारतीचा विमा पुरेसा आहे का बघा. तो कमी असेल तर लेंडर तुमच्याकडून फरकाची पॉलिसी मागेल. तुमच्या सामानाचा विमा मात्र मास्टर पॉलिसीत येत नाही, तो तुम्हालाच घ्यायचाय.

सह्यकडा

रीफायनान्स करणाऱ्यांसाठी: फ्लड पॉलिसी चुकून बंद पडली तर लेंडर नोटीस देतो आणि ४५ दिवसांत पुरावा मिळाला नाही तर स्वतः पॉलिसी घेऊन पैसे तुमच्याकडून वसूल करतो. ती बहुधा महाग असते. एस्क्रोमधून (हप्त्याबरोबर लेंडर जमा करतो त्या खात्यातून) प्रीमियम जातोय ना, एवढं वर्षातून एकदा बघून ठेवा.

मुक्ता_एस

भूमापक, तपासलं. दोन्ही आकडे एनएव्हीडी ८८ मध्येच आहेत आणि पॅनेलही आजचंच. नवा प्राथमिक नकाशा दिसला नाही.

काल नवरा आणि मी त्या बेसमेंटमध्ये पुन्हा जाऊन आलो. सर्टिफिकेट हातात धरून भिंतीवर टेपने मोजलं. जमिनीपासून सहा फूट अकरा इंच. बीएफई माझ्या डोक्याच्या वर, जवळजवळ छताला टेकते. नवरा बराच वेळ तिथेच उभा होता. मग म्हणाला, इथे मुलांना झोपवायचं नाही. क्वीन्समध्ये आयडाच्या रात्री बेसमेंटच्या घरांमध्ये माणसं बुडाली, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

ठरलंय असं: घर घ्यायचं, पण किंमत पुन्हा बोलायची. बेसमेंट फक्त सामानापुरतं. यंत्रं वर न्यायचा अंदाज मागवलाय. विकणाऱ्यांची एनएफआयपी पॉलिसी आहे, ती आमच्या नावावर करून द्यायला ते तयार आहेत. क्लोजिंग महिनाभरावर आलंय. नवी घेतली तर ३० दिवसांची प्रतीक्षा असते असं वाचलं, ते आड येईल का?

भूमापक

नाही. कर्ज घेताना लेंडरच्या मागणीवरून घेतलेल्या पॉलिसीला ती प्रतीक्षा लागू नाही, क्लोजिंगपासून सुरू होते. ३० दिवस थांबावं लागतं ते कर्जाविना, स्वतःहून घेणाऱ्यांना. म्हणून हा धागा वाचणाऱ्या झोन एक्सवाल्यांनी वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर एजंटला फोन करण्यात अर्थ नाही.

तरी जुनी पॉलिसी नावावर करणंच बरं, आणखी एका कारणाने. एनएफआयपीला काँग्रेसकडून मुदतवाढ लागते. ऑक्टोबर २०२५ ला शटडाउनमध्ये ती चुकली आणि नोव्हेंबरपर्यंत नव्या पॉलिसी निघत नव्हत्या. अशा काळातही चालू पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर करता येते.

नावावर करताना इमारतीची रक्कम अडीच लाखांपर्यंत न्या आणि सामानाचा विमा आहे का बघा, जुन्या मालकांनी तो बहुधा घेतलेला नसतो. डिक्लेरेशन पेजवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, पत्ता, झोन आणि लेंडरचं नाव बरोबर आहे ना तपासून क्लोजिंगच्या निदान आठवडाभर आधी लेंडरकडे पोचवा. त्या कागदावरच्या एका चुकीच्या अक्षरासाठी क्लोजिंग पुढे ढकललेली मी पाहिलीत.

अंजोर

आणि राहायला गेल्याच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक यंत्राच्या सिरियल नंबरचे फोटो काढून घराबाहेर कुठेतरी साठवून ठेवा. क्लेमचा 'प्रूफ ऑफ लॉस', म्हणजे नुकसानीचा लेखी तपशील, ६० दिवसांत सही करून द्यावा लागतो आणि त्या दिवसांत घरात काय होतं हे आठवायला डोकं ठिकाणावर नसतं. ओला गालिचा फेकायच्या आधी त्याचा एक तुकडा कापून ठेवा, अ‍ॅडजस्टर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासायला येणारा माणूस, तो मागतो.

कृष्णाकाठ

मुक्ता, भावाला सांग, विम्याचा अर्ज भरताना बांधकामाचं क्षेत्रफळ बरोबर लिही. बाजारभाव लिहू नको, पुन्हा बांधायला जो खर्च येईल तो लिही. आणि पॉलिसीची एक प्रत तुझ्याकडेही राहू दे. त्यांची कागदपत्रं खालच्या कपाटात असतील तर ती पावसाळ्याआधी वर न्यायला सांग.